वेढ्याचं चित्र वाचायचं कसं? (फ्लेमिश रणचित्रकार : स्नायर्स, व्रांक्स आणि मंडळी)

तटबंदी (धागाकर्ता)

रणचित्र म्हटलं की उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि टापांखाली आडवा झालेला शिपाई एवढंच आठवतं. पीटर स्नायर्सच्या (जन्म १५९२, अँटवर्प, आजचा बेल्जियम) चित्रांत हे सगळं असतं, पण एका कोपऱ्यात. बाकी सगळी जागा जमिनीची. चर, मोर्चे, नदीचं वळण, तंबूंच्या रांगा, आणि मध्ये कुठेतरी चांदणीच्या आकाराचं इवलंसं गाव. नवखा माणूस म्हणतो, नकाशावर मुंग्या सोडल्यात. त्याचं निदान बरोबर असतं, फक्त तो ते तक्रारीच्या सुरात म्हणतो.

उदाहरण म्हणून माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं ब्रेडाच्या वेढ्याचं मोठं चित्र घेऊ. ब्रेडा हे डचांचं गाव, वेढा घालणारे स्पॅनिश. स्पॅनिश नेदरलँड्सचा कारभार बघणारी इन्फांता (राजकन्या) इसाबेल आपल्या लवाजम्यासह पुढे आहे, ते. उंची साधारण दोन मीटर, रुंदी अडीच मीटरांहून जास्त. वेढा ऑगस्ट १६२४ ते जून १६२५ असा चालला. स्पॅनिश सेनापती स्पिनोलाने तटावर एल्गार करण्याऐवजी गाव उपाशी पाडलं. म्हणजे चित्रकारासमोर अडचण अशी, की दाखवायला धुमश्चक्रीच नाही. दाखवायचं आहे ते खोदकाम.

स्नायर्सची तोड अशी : एकाच चित्रात तीन वेगळ्या उंचीचे डोळे बसवायचे. सगळ्यात खाली एक टेकाड, त्यावर घोडेस्वार, गाड्या, कुत्री, एखादं वठलेलं झाड. हे सगळं आपण जणू त्याच टेकाडावर उभे राहून बघतो आहोत, अशा नेहमीच्या नजरेने काढलेलं. टेकाड संपलं की जमीन एकदम वर उचलली जाते, टेबल पुढून कलतं करावं तशी. इथे आपण घारीच्या उंचीवर असतो. आणि सगळ्यात वर क्षितिजाजवळ जमीन पुन्हा आडवी होत निळसर धुक्यात विरते. क्षितिज फार वर, त्यामुळे आकाशाला उरते ती अरुंद पट्टी.

चित्र वाचायला लागलात की आधी सांधा शोधा. टेकाडाची पुढची कड जिथे मधल्या नकाशाला भिडते तिथे चित्रकार काहीतरी झाकतोच : झाडांची रांग, टेकाडाची गडद सावली, तोफेचा धूर. सांधा लपला की तीन चित्रांचं एक चित्र होतं.

नंतर वेढ्याची दोन कडी वेगळी करा. आतलं कडं गावाकडे तोंड करून असतं, आतल्या शिबंदीने बाहेर पडून छापा घालू नये म्हणून. बाहेरचं कडं पाठमोरं, सोडवायला येणाऱ्या फौजेला अडवण्यासाठी. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात छावण्या. बुरुजांची टोकं कुठल्या दिशेला आहेत ते पाहिलं की कडं आतलं की बाहेरचं, हे लगेच कळतं. एवढं जमलं की निम्मं चित्र वाचून झालं.

---

रेघोट्या

वाचनखूण साठवली. एक भर घालतो.

स्नायर्स स्वतः ब्रेडाच्या चरांत चिखल तुडवत फिरला असेल अशी कल्पना करू नका. त्याच्यापुढे छापील माल होता. इसाबेलनेच छापचित्रकार झाक कालोकडून ब्रेडाच्या वेढ्याचं अम्लरेखन (एचिंग) करून घेतलं. सहा तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं, सहा कागद जोडले की भिंतभर होणारं, १६२८ चं. कालोनेही हे काम हाती घेतलं ते वेढा संपल्यावर. त्याचा आधार लष्करी अभियंत्यांची मोजणी. म्हणजे साखळी अशी : अभियंता मोजतो, कालो कोरतो, स्नायर्स रंगवतो.

तीन डोळ्यांची युक्तीही कालोच्या त्या छापात आहे, खाली माणसं आणि वर नकाशा. फरक असा की छापात सांधा उघडा राहिला तरी चालतो. कागदावर सगळंच रेषेत असतं, डोळा ते नकाशा म्हणून स्वीकारतो. तैलरंगात प्रकाश आला, हवा आली, की तीच उडी खुपायला लागते. म्हणून स्नायर्स जमिनीवर उजेड-सावलीचे आडवे पट्टे टाकतो. ढगाची सावली पडल्यासारखा एक गडद पट्टा, मग उजळ, मग पुन्हा गडद. डोळा पट्ट्यापट्ट्याने वर चढतो आणि जमीन कलती आहे हे विसरतो.

त्याच्या नकलाकारांचं घोडं नेमकं इथे पेंड खातं. मधल्या भागातली माणसं जरा मोठी झाली की किल्ला खेळण्यातला दिसतो. आणि धूर! धूर म्हणजे पिंजलेला कापूस नव्हे. तोफेच्या तोंडाशी तो दाट आणि जवळपास पांढरा असतो, पुढे वाऱ्याच्या दिशेने पातळ होत जातो. एकाच चित्रात दोन धमधम्यांचा धूर दोन उलट दिशांना जात असेल तर समजायचं, काढणाऱ्याने दोन वेगळी चित्रं समोर ठेवून उतरवलंय.

---

बारगीर

लेख उत्तम, पण गुरूला वगळून शिष्याचं कौतुक चाललंय म्हणून मधे तोंड घालतो.

हा प्रकार नेदरलँड्समध्ये वेगळा धंदा म्हणून उभा केला तो सेबास्टियान व्रांक्सने (१५७३–१६४७). स्नायर्स त्याचाच शागीर्द. व्रांक्स अँटवर्पच्या नागरी शिबंदीत कप्तान होता. हत्यार कसं धरतात, तोड्याच्या बंदुकीचा तोडा (जळती वात) कुठल्या हातात असतो, भरताना नळी कशावर टेकवतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्याचा आवडता विषय म्हणजे ५ फेब्रुवारी १६०० ला डेन बॉशजवळ व्हुख्तच्या माळावर झालेली चकमक. डचांच्या चाकरीतला फ्रेंच सरदार ब्रेओते आणि स्पॅनिश बाजूचा ‘लेकरबेट्ये’ यांनी ठरवून लावलेली, दोन्हीकडे बावीस-बावीस स्वार. लेकरबेट्ये लढाईत पडला, तरी जिंकली त्याचीच बाजू. ब्रेओते हाती लागला आणि मग मारला गेला. लष्करी दृष्ट्या हिशेब शून्य, पण चित्रकाराला आयतं घबाड : मोजके घोडे, सपाट माळ, मागे गावाची कड आणि मध्ये गुंता. व्रांक्सने हा विषय पुन्हा पुन्हा काढला, कारण गिऱ्हाईक होतं. १६०९ ते १६२१ स्पेन आणि डचांत तह होता. लोक घरात बसून गेल्या लढाया भिंतीवर लावत होते.

हे धोरणाचं चित्र नाही, रस्त्यावरचं आहे. गाड्यांच्या ताफ्यावर छापा, खेड्याची लूट, शेतकऱ्याच्या घरातून ओढून नेलेली गाय. व्हिएन्नातलं १६१२ चं ताफ्यावरच्या हल्ल्याचं चित्र पाहा. निसर्ग थोरल्या यान ब्रूगेलचा, माणसं आणि घोडी व्रांक्सची. झाडाची पानं एका हाताची, झाडाखाली मरणारा दुसऱ्या हाताचा. अँटवर्पात अशी वाटणी रोजचीच होती.

मला विचाराल तर लढाई व्रांक्समध्ये आहे. स्नायर्समध्ये आहे तो लढाईचा अहवाल.

---

तटबंदी

बारगीर, ‘अहवाल’ हा शब्द मान्य, पण त्यातला तुच्छतेचा सूर नाही. १६२० च्या दशकात स्नायर्स ब्रुसेल्सला गेला आणि गिऱ्हाईकच बदललं. व्रांक्सची लहान फळ्यांवरची चित्रं अँटवर्पच्या घरांत जायची. स्नायर्ससमोर इसाबेल, नंतर तिच्या जागी आलेले कारभारी : कार्डिनल-इन्फांते फर्डिनांड, मग आर्चड्यूक लेओपोल्ड विल्हेल्म. या लोकांना कोण कोणावर पडलं यात रस नाही. कुठली पलटण कुठे होती आणि सेनापती कुठल्या टेकाडावर, हे हवं.

सम्राटाचा सेनापती ओत्ताव्हिओ पिकोलोमिनीने तर आपल्या मोहिमांची बारा चित्रं करून घेतली. ती व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात आहेत. त्यांत ल्युत्सेन (१६३२) आहे, थियोंव्हिल (१६३९) आहे. सेनापतीची बखरच ती, फक्त रंगात. आणि बखरीसारखीच वाचायची : पैसे कोणी मोजलेत हे लक्षात ठेवून.

रूबेन्सलाही फ्रान्सच्या चौथ्या आंरीच्या मालिकेत वेढे दाखवायची वेळ आली तेव्हा स्नायर्सचाच हात घ्यावा लागला. ती करून घेणारी आंरीची विधवा मारी द मेदिची. तिला १६३१ मध्ये फ्रान्स सोडावं लागलं आणि ती मालिका अर्धीच राहिली.

---

हळदगाभा

एक बाळबोध प्रश्न. कोण कुठल्या बाजूचा हे ओळखायचं कसं? सगळेच लेदरचे कोट आणि पिसांच्या टोप्या घालून बसलेत.

---

बारगीर

@हळदगाभा, प्रश्न बाळबोध नाही. त्या काळी सरसकट गणवेष नव्हते, त्यामुळे लढणाऱ्यांनाही हीच अडचण होती.

आधी छातीवरून तिरकी किंवा कमरेला बांधलेली पट्टी बघा. तांबडी म्हणजे स्पेन किंवा जर्मन (पवित्र रोमन) सम्राटाची, नारिंगी म्हणजे डच, फ्रेंचांची बहुधा पांढरी. मग निशाण : पांढऱ्यावर खडबडीत फांद्यांसारखी तांबडी तिरपी फुली म्हणजे बर्गंडीचा क्रूस, स्पॅनिश फौज. काही वेळा ऐनवेळी खूण ठरायची. १६३१ च्या ब्राइटेनफेल्डच्या लढाईत स्वीडिश बाजूने टोप्यांत हिरव्या डहाळ्या खोचल्या होत्या.

इथे एक मेख आहे. नारिंगी आणि तांबडा जुन्या पिवळ्या वार्निशखाली एकसारखे दिसतात. छायाचित्रावरून बाजू ठरवायला जाऊ नका. एकाच पट्टीवर विसंबू नका, निशाण आणि तोंडाची दिशा दोन्ही जुळतात का बघा.

---

सरसखडू

वार्निशचा विषय निघालाच आहे तर थोडं द्रव्यांबद्दल. या चित्रांच्या बाबतीत हे कळलं नाही तर भलतेच निष्कर्ष निघतात.

व्रांक्सच्या पिढीचं छोटं काम बहुतेक ओकच्या फळीवर. फळ्या आडव्या जोडलेल्या, रेषा क्षितिजाला समांतर. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचा थर, घासून गुळगुळीत केलेला, वर सफेद्याचा पातळ हात. अँटवर्पात फळीच्या मागे डाग देऊन छाप मारायचे, किल्ला आणि दोन हात. फळी तपासली आहे, याचा तो दाखला. छाप सापडला म्हणजे फळी अँटवर्पची. चित्र कोणाचं, हे त्यावरून ठरत नाही. लोक इथे हमखास घसरतात.

फळीचा सांधा उघडला की आकाशात सरळ आडवी चीर पडते. नंतरच्या काळात कोणी तरी फळी सपाट राहावी म्हणून मागे लाकडी जाळी ठोकलेली असते. लाकूड दमटपणाने फुगतं-आकसतं, जाळी त्याला हलू देत नाही, आणि फळी सांधा सोडून भलतीकडेच फुटते. रोगापेक्षा औषध भारी.

दुसरं, घोड्यांचे पाय. चित्रकार जमीन आधी रंगवतो, ती वाळली की वरून छोटी माणसं-घोडी. वरचा रंग अगदी पातळ. शंभर-दोनशे वर्षांत कोणी जोरात साफसफाई केली की आधी झिजतात ते हेच : लगाम, तलवारीची पाती, घोड्यांचे खालचे पाय. शिवाय तेलातला रंग काळानुसार पारदर्शक होत जातो आणि पोटातून मागचं गवत दिसायला लागतं. ‘भुताटकीचे घोडे’ म्हणून यावर कविता करू नयेत.

तिसरं, आकाश. निळ्यासाठी स्वस्तातला पर्याय म्हणजे स्माल्ट, कोबाल्टने रंगवलेल्या काचेची पूड. पूड फार बारीक केली तर रंग फिका पडतो, म्हणून जाडसर ठेवायची. तेलात ती काळानुसार राखाडी, मळकट पिवळसर होते. त्यामुळे ‘युद्धाचं उदास आकाश’ असं जे आपण म्हणतो, ते कधीकधी रंगवलं त्या दिवशी छान निळं होतं. झाडांचं उलट. हिरव्यातला वनस्पतीपासून केलेला पिवळा उडून जातो आणि पानं निळी पडतात.

---

रेघोट्या

सरसखडू, ‘उदास आकाश’ हा टोला बरोबर लागला. बऱ्याच वर्णनांत हे वाक्य असतंच.

---

तागाबाणा

सगळे फळी आणि कॅनव्हासवरच बोलताहेत. फ्लेमिश रणचित्राची मोठी पेढी विणकामाची होती, आणि ती आधीची.

बर्नार्ड फान ओर्लीने काढलेल्या पाव्हियाच्या लढाईच्या (१५२५) सात टॅपेस्ट्र्या (विणलेली भिंतचित्रं) १५३१ मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सला भेट मिळाल्या. आता नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहेत. मग ट्युनिसची मोहीम, १५३५. यान फर्मेयेन हा चित्रकार बादशहाबरोबर खरंच गेला होता. जागेवर रेखाटनं केली आणि परत आल्यावर त्यावरून बारा टॅपेस्ट्र्यांचे पूर्ण आकाराचे कागदी आराखडे केले. ब्रुसेल्सला विलेम दे पानेमाकरच्या मागांवर त्या विणल्या गेल्या, सोन्या-चांदीची तार वापरून. १५५४ मध्ये काम पुरं झालं. बारांपैकी दहा आराखडे व्हिएन्नात शिल्लक आहेत.

गंमत त्या आराखड्यांत आहे. त्यात सगळे शिपाई डावखुरे! कारण ब्रुसेल्सचा आडवा माग. आराखड्याच्या पट्ट्या कापून ताण्याखाली ठेवायच्या, विणकर कापडाच्या मागच्या बाजूने काम करतो, आणि पुढून पाहिलं की सगळं उलटं. म्हणजे टॅपेस्ट्रीत तलवार उजव्या हातात हवी, तर कागदावर ती डाव्या हातात काढायची. म्यान, लगाम, तोडा, किनाऱ्याची दिशा, सगळंच पालटायचं. एखादी गोष्ट पालटायची राहिली की विणून झाल्यावर कळणार, आणि तोवर हातभर पट्टीला काही आठवडे गेलेले.

आणि आपल्याकडचा धागा : व्हिएन्नात दहा टॅपेस्ट्र्यांचा आणखी एक संच आहे, गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रोच्या पराक्रमांचा. १५४६ चा दीवचा वेढा आणि १५४७ मधला त्याचा गोव्यात रोमन थाटाचा विजयप्रवेश. विणकाम ब्रुसेल्सचं. मांडवीकाठची मिरवणूक ब्रुसेल्सच्या मागावर उतरली, ती अशी.

---

हळदगाभा

हे माहीतच नव्हतं! गोव्यातली झाडं-माणसं कितपत खरी आहेत मग?

---

तागाबाणा

खरेपणाची अपेक्षा ठेवून बघू नका. फर्मेयेन ट्युनिसला गेला होता, म्हणून तिथला किनारा, गलबतं, तंबू यांना धर आहे. कास्त्रोच्या संचाला तसा पाया नाही. हा विजयाचा सोहळा आहे, त्याचं व्याकरण रोमचं. गोव्याच्या इतिहासाचं साधन म्हणून त्यातली एखादी इमारत दाखवायचा मोह टाळावा.

---

बारगीर

घोड्यांच्या पायांबद्दल सरसखडूंनी लिहिलं, माझे दोन पैसे त्यांच्या चालीवर.

या चित्रांतला धावता घोडा मागचे दोन्ही पाय जमिनीवर रोवून पुढचे दोन्ही एकदम उचलतो, लाकडी झुलत्या घोड्यासारखा. खरा घोडा असा धावत नाही. पण राजघराण्यांच्या घोडेशाळांत मागच्या पायांवर तोलून पुढचा भाग उचलायची कसरत शिकवत. चित्रकारांनी तीच उचलली, कारण तिच्यात घोडा स्थिर असतो आणि वेगही सुचतो. आणि गर्दीत एक पांढरा किंवा फिका राखाडी घोडा असतोच. बाकी बदामी-काळ्यांच्या गुंत्यात डोळ्याला टेकायला जागा. एका चित्रात दोन पांढरे घोडे सारख्याच उजेडात असले तर मांडणी बहुधा फसलेली असते.

---

तटबंदी

शेवटचा मोठा माणूस राहिला, तो टाकतो. आडाम फ्रान्स फान डर म्यूलेन (१६३२–१६९०). ब्रुसेल्सचा, स्नायर्सचा शागीर्द. १६६४ मध्ये पॅरिसला गेला, राजाचा चित्रकार ल ब्रँच्या हाताखाली, गोब्लँ या शाही कारखान्यात. १६६७ पासून चौदाव्या लुईच्या मोहिमांवर फौजेबरोबर. म्हणजे ज्या फ्लेमिश गावांना त्याचा गुरू स्पेनच्या बाजूने रंगवत होता, तीच गावं चेला वेढा घालणाऱ्याच्या बाजूने रंगवायला आला. लील, टूर्ने, दुए.

कामाची रीत बदलली. आता अभियंत्याचा नकाशा दुय्यम. तो गावासमोर बसून लांबट कागदांवर पेन आणि जलरंगाने गावाची कड उतरवायचा, मनोरे, पवनचक्क्या, तट सगळं. घोड्यांचे अभ्यास वेगळे. नंतर पॅरिसला कॅनव्हासवर दोन्ही एकत्र. त्यामुळे क्षितिज खाली आलं, आकाश वाढलं, आणि स्नायर्सचा कलता नकाशा जवळपास संपला. वेढा हळूहळू मागे गेला आणि पुढे उरला राजा, घोड्यावर, हातात छडी, दरबाऱ्यांना गाव दाखवणारा. १२ जून १६७२ ला ऱ्हाइन ओलांडल्याची चित्रं याच साच्यातली.

वेढा किती कळतो ही कसोटी लावली तर स्नायर्सपुढे म्यूलेन काहीच सांगत नाही. पण हवा, दमट उजेड, गावाची ओळख यात तो पुढे. मला स्वतःला स्नायर्सच आवडतो.

---

तागाबाणा

म्यूलेननंतर ब्रुसेल्सचे माग थांबले नाहीत. लांबेर्ट दे होंटच्या आराखड्यांवरून ‘युद्धकला’ नावाच्या मालिका निघाल्या, आणि इंग्रज सेनापती मार्लबरोच्या विजयांच्या टॅपेस्ट्र्या योदोकुस दे फोसच्या कारखान्यात विणल्या. त्या इंग्लंडमध्ये, त्याच्या ब्लेनहाइम महालात आहेत. त्यांतल्या बुशँच्या वेढ्याच्या टॅपेस्ट्रीत एक कुत्रा आहे. त्याचे पंजे बघा.

---

हळदगाभा

बघितले. खूर आहेत?!

---

तागाबाणा

हो, घोड्याचे. आता ते आराखड्यातच तसे होते की मागावर बसलेल्याने ओळीने घोडे विणता विणता हात तसाच पुढे चालवला, यावर इथे भांडण नको. बाकीच्या कुत्र्यांचेही पंजे मोजून घ्या.